दादाच्या घराच्या भिंती

“बघू हं, आई,” असं सुखदा शुक्रवारी म्हणाली होती, आणि त्या “बघू”चा अर्थ विभावरीबाईंना नीट ठाऊक होता. हाच शब्द त्यांनी स्वतः आयुष्यभर सासूला, मुख्याध्यापिकाबाईंना आणि कैलासवासी चंद्रहासरावांना ऐकवला होता. बघू म्हणजे नाही. त्यामुळे रविवारी सकाळी ही धाकटी सून फार्मसीतल्या अर्ध्या दिवसाच्या ड्युटीला गेली, तिचा नवरा शुभंकर लेकीचे, ओवीचे पोहायचे टॉग्ज आणि टॉवेल पिशवीत कोंबून तिला पोहायला घेऊन गेला, आणि ऑकलंडच्या माउंट रॉस्किल भागातल्या त्या लाकडी घरात विभावरीबाई एकट्या उरल्या, तेव्हा त्यांनी चहाचा कप विसळून पालथा घातला, ओढणी कमरेला बांधली आणि बैठकीच्या खोलीतल्या मोठ्या भिंतीसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

त्या भिंतीवर काय नव्हतं? टॉयलेट पेपर संपला की उरणाऱ्या पुठ्ठ्याच्या नळ्या कापून, सोनेरी रंगात बुडवून, एकमेकींना चिकटवून केलेली जाळी होती. कागदी बशांचा सूर्य होता. बीचवरून उचलून आणलेल्या वाळक्या फांदीला लोकरीच्या झिरमिळ्या लोंबत होत्या आणि त्यात धूळ बसायची सोय उत्तम होती. ओवीच्या तुटक्या जॅन्डल्सना, म्हणजे रबरी चपलांना, डोळे काढून त्यांचे मासे केले होते. आणि सगळ्यांच्या मधोमध, मानाच्या जागी, मोर होता. सुखदा फार्मसीतून गोळ्यांची रिकामी चंदेरी पाकिटं घरी आणायची, त्यातून त्याचा पिसारा झाला होता. जवळ गेलं तर पिसांवर अजून एक्सपायरी डेट वाचता येई. मान बदकाची होती, पाय कुणाचेच नव्हते.

विभावरीबाईंनी पुण्यात मुलींच्या शाळेत उभा जन्म चित्रकला शिकवली होती. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला बसणाऱ्या मुलींची वस्तुचित्रं, स्मरणचित्रं, संकल्पचित्रं तपासता तपासता त्यांचा हात असा बसला होता की निवृत्त झाल्यावरही तो थांबला नाही. समोर येईल त्याला श्रेणी मिळायची, मग ती लग्नातली रांगोळी असो की दवाखान्यातले पडदे. ऑकलंडच्या विमानतळावर उतरल्या उतरल्या त्यांनी तिथल्या भल्यामोठ्या कोरीव लाकडी कमानीला “अ” दिली होती. त्यानंतरच्या चार महिन्यांत या देशात कोणालाही “अ” मिळाली नव्हती.

थोरल्या सुनेच्या, नीलिमाच्या भिंतीही त्यातून सुटल्या नव्हत्या. तिच्याकडे सगळं विकतचं. तीन तुकड्यांत कापलेलं एकच चित्र, त्यात पाण्यावर तरंगणारे काळे दगड आणि बाजूला बांबू. जेवायच्या टेबलावर लाकडी अक्षरांत इंग्रजीत “होम” लिहून ठेवलं होतं, आपण कुठे बसलोय ते विसरायला होऊ नये म्हणून. पण तिथे निदान फ्रेम तिरकी नव्हती. नीलिमाला “ब”. सुखदाला काय द्यावं याचा विभावरीबाईंना प्रश्नच पडला नव्हता. ती अनुत्तीर्णच होती.

तरीही त्या आजवर टोमण्यांवर थांबल्या होत्या. बुधवारी थोरल्या मुलाचा, मोहनचा फोन आला आणि त्यांना हुरूप आला.

“आई, तू चित्रकलेची. तुझ्या शब्दाला वजन आहे,” मोहन म्हणाला होता. “रविवारी आम्ही जेवायला येतोय ना, त्याच्या आधी तेवढ्या भिंती मोकळ्या करायला सांग सुखदाला. काय ते घर, नर्सरी स्कूलसारखं दिसतंय! मी सांगितलं तर तिला राग येईल. तू सांगितलंस तर ऐकेल.”

घर मोहनचं होतं. आधी तो त्यात राहिला, मग बँकेच्या आयटीत बढती मिळाल्यावर मोठ्या घरात गेला आणि हे त्याने धाकट्या भावाला भाड्याने दिलं. भाऊ म्हणून भाडं जरा कमी आणि भाऊ म्हणूनच अटी जरा जास्त. भिंतीला खिळा ठोकायचा नाही ही पहिली. नीलिमा मधूनमधून “सहज” चक्कर टाकायची आणि जाता जाता बाथरूमच्या कोपऱ्यात बुरशी आली का ते बघून जायची. बाहेरचा घरमालक असता तर निदान आधी कळवून तरी आला असता. सुखदाचं सगळं कलावैभव म्हणूनच चिकटपट्ट्यांवर उभं होतं.

आणि मोहनचं ऐकायला विभावरीबाईंना आणखी एक कारण होतं. त्या आता कायमच्या राहायला आल्या होत्या आणि मोहन त्यांच्यासाठी आपल्या परसात स्वतंत्र खोली बांधणार होता. चित्रकाराला उत्तरेचा उजेड लागतो म्हणून त्यांनी उत्तरेची खिडकी मागितली होती. इथे सूर्य उत्तरेकडूनच फिरतो, आई, तिकडून ऊनच येईल, असं मोहनने समजावलं तेव्हा त्यांनी सगळ्या देशालाच “क” देऊन टाकली. पण खोलीच्या भिंतींवर काय लावायचं ते त्यांचं केव्हाच ठरून गेलं होतं. पैसे कुठून येणार हे त्यांनी विचारलं नव्हतं. मोहनकडे पैसे असतातच असा त्यांचा समज होता.

त्यांनी पहिला हात जॅन्डल्सच्या माशाला घातला. मासा सुटला, पट्टी राहिली. पट्टीचं टोक नखाने उचलून त्यांनी जोरात आपल्याकडे ओढलं. फर्र असा आवाज झाला. पट्टीबरोबर रंग आला, रंगाबरोबर भिंतीचा कागद आला आणि तळहाताएवढा तपकिरी पुठ्ठा उघडा पडला.

“अगं बाई,” विभावरीबाई मोठ्याने म्हणाल्या, “ही भिंत आहे की खोकं?”

पुण्याच्या भिंतीत खिळा ठोकायचा तर हातोडी वाकडी व्हायची. इथे मात्र टिचकी मारली की आतून पोकळ आवाज. दोष भिंतीचा होता हे त्यांनी क्षणात ठरवलं. एक चट्टा पडला तर तो नजरेत भरतो, म्हणून त्यांनी दुसरी पट्टी जास्त जोरात ओढली, आणि दुसरा चट्टा मोठा पडला म्हणून तिसरी त्याहून. जाळी उतरली, सूर्य उतरला, फांदी झिरमिळ्यांसकट खाली आली. मोर शेवटी राहिला. तो चारी बाजूंनी चिकटवलेला होता. सुटला तेव्हा त्याचा अर्धा पिसारा त्यांच्या हातात होता आणि अर्धा भिंतीवर. सगळं त्यांनी कपड्यांच्या टोपलीत भरलं आणि मागे सरून पाहिलं. भिंतीला जणू गोवर आला होता.

तेवढ्यात दार उघडलं. शुभंकर आत आला आणि ओल्या टॉवेलसकट जागच्या जागी थांबला.

“आई, अगं काय केलंस हे!”

“मोकळी केली.”

“दादाचं घर आहे हे!”

“दादानेच सांगितलंय.”

“भिंत सोलायला?”

“शोभा घालवणारं सगळं काढायला. आता तुमच्या इथल्या भिंती कागदाच्या असतात हे मला कुणी सांगायचं?”

ओवी ओल्या केसांनी भिंतीजवळ गेली आणि एका चट्ट्यात बोट घालून बघू लागली. “आजी, यू हॅव टू पुल इट डाउन. लाइक, स्लोली. इट सेज सो ऑन द पॅकेट.”

“पाकिटावर काय लिहिलंय ते वाचून मी आजवर काहीही केलेलं नाही,” विभावरीबाई म्हणाल्या.

शुभंकर पेनरोजच्या एका कारखान्यात इंजिनिअर होता. तिथे मोठाली मशिनं त्याचं मुकाट ऐकत, घरात मात्र कुणीही नाही. तो शेडमधून उरलेल्या रंगाचा डबा शोधून आणायला धावला. रंग सुकून डब्यात वडी झाली होती. तो डबा हातात घेऊन उभा असतानाच सुखदा आली. तिने आधी भिंत बघितली, मग टोपली. पर्स खांद्यावरून काढायचंही तिला सुचलं नाही.

“तुम्हाला आवडत नव्हतं तर मला सांगायचं, आई.”

“सांगितलं होतं. तू बघू म्हणालीस.”

“हो. म्हणजे नको म्हणाले होते.”

इतकं सरळ वाक्य विभावरीबाईंनी या सुनेच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. त्यांना ते उर्मट वाटलं. सुखदा टोपली उचलून आत गेली. मग बराच वेळ स्वयंपाकघरातून नुसता भांड्यांचा आवाज येत होता. मसालेभाताचा वास सुटला तसा विभावरीबाईंचा धीर परत आला. मोहन आला की खूश होईल, चट्ट्यांचं काय, रंगाचा एक हात मारला की झालं, असं त्या शुभंकरला दोनदा म्हणाल्या.

मोहन आला तो हसत, हातात केकचं खोकं घेऊन. मागून नीलिमा, गॉगल डोक्यावर सरकवत. तिने दारात बूट काढता काढता नेहमीसारखा छताच्या कोपऱ्यांचा आढावा घेतला आणि तिची नजर भिंतीवर येऊन थांबली. मोहनची तिच्या मागोमाग.

“हे काय?” तो म्हणाला. “परवा फोटोग्राफर येतोय आणि हे काय करून ठेवलंय तुम्ही!”

मोहनच्या तोंडातून निघून गेलं होतं आणि ते त्यालाही कळलं होतं. त्याने केकचं खोकं उगीचच दुसऱ्या हातात घेतलं.

“कसला फोटोग्राफर, दादा?” शुभंकरने विचारलं.

मोहनने आईकडे पाहिलं. हे पाहणं विभावरीबाईंच्या ओळखीचं होतं. लहानपणी चेंडूने शेजारच्यांची काच फोडली की तो असाच बघायचा, म्हणजे बोलायला आई जायची.

“एजंटचा,” शेवटी नीलिमा म्हणाली. “जाहिरातीसाठी. दोन आठवड्यांनी ओपन होम आहे, गिऱ्हाइकं घर बघायला येणार. मोहन, तू यांना सांगितलंयस असं म्हणालास मला!”

“आई बोलणार होती.”

“मी?” विभावरीबाईंचा आवाज चढला. “मी काय बोलणार होते? तू मला म्हणालास, घर नर्सरी स्कूलसारखं दिसतंय. घर विकायचंय असं म्हणालास का?”

“अगं, ती सुरुवात होती. आधी भिंती मोकळ्या झाल्या असत्या, मग जेवताना मी हळूच विषय काढणार होतो.”

विभावरीबाईंना एकदम सगळं उमगलं आणि कान तापले. तुझ्या शब्दाला वजन आहे म्हणे! त्यांची इतक्या वर्षांची पारख, त्यांचा डोळा, ज्याला पुण्यातली भली भली माणसं वचकून होती, तो पोराने फडक्यासारखा वापरला होता. भिंत पुसून घ्यायला. आणि त्यांनी ती किती आनंदाने पुसली होती!

“ठीक आहे,” शुभंकर म्हणाला. तो डब्यातली रंगाची वडी काडीने टोकरत होता. “घर दादाचं आहे. दादाने ठरवायचं.”

“तू गप्प बस,” सुखदा म्हणाली. तिच्या हातात भाताचं पातेलं होतं, ते तिने टेबलावर ठेवलं. “मोहनदादा, आम्ही इथे आलो तेव्हा तुम्ही म्हणालात खिळा नको. मारला नाही. कितीतरी महिने या भिंती तशाच होत्या. ओवी रोज विचारायची, आपण इथून कधी जायचंय? पाहुण्याच्या घरात असल्यासारखी कोपऱ्यात बसायची. मला विकतचं काही परवडत नव्हतं, म्हणून पुठ्ठे कापत बसले. ते वाईट दिसतात हे मलाही दिसतं. मी काही चित्रकलेची शिक्षिका नाही. पण ती जॅन्डल्स चिकटवली त्या दिवसापासून तिने विचारायचं सोडलं.”

“मॉम,” ओवी पुटपुटली, “डोन्ट.”

“म्हणजे मी वाईट झालो,” मोहन म्हणाला. तो आता खुर्चीवर बसला होता आणि त्याचा सूर दुखावलेला होता. दुखावलेला सूर त्याला फार छान जमायचा. “मी माझ्यासाठी विकतोय का? आईच्या खोलीसाठी विकतोय. ती कायमची आलीय, तिला तिची हक्काची जागा नको? आईचं करायचं म्हटलं की कुणाला तरी त्रास होणारच.”

आता सगळे विभावरीबाईंकडे बघू लागले. ओवीसुद्धा. आपल्या खोलीची खिडकी कुठे हवी हे आपण गेला महिनाभर याच टेबलावर बसून, याच सुनेच्या हातचं खात सांगत होतो, हे त्यांना आठवलं. त्यांना लाज वाटली.

“माझ्या बागेत,” नीलिमा म्हणाली.

“काय?” मोहन वळला.

“खोली. माझ्या बागेत. टोमॅटोचे वाफे उकरणार हे मला बिल्डरने सांगितलं. मापं घ्यायला आला तेव्हा.”

“नीलिमा, हा विषय आता इथे...”

“इथेच. मला बिल्डरकडून कळलं, सुखदाला फोटोग्राफरवरून. छान पद्धत आहे तुमच्याकडे. घरातल्या बायकांना घरातली बातमी बाहेरच्यांकडून!” तिने खुर्ची ओढली आणि ती सुखदाच्या बाजूला बसली. या दोन जावा इतक्या वर्षांत कुठल्याच प्रसंगात एका बाजूला बसल्या नव्हत्या. विभावरीबाईंनी ते पाहिलं, आणि हेही ऐकलं की नीलिमाला खोली नको होती, म्हणजे खोलीतलं माणूसही नको होतं. तीन तुकड्यांच्या चित्रापेक्षा हे फारच स्पष्ट होतं.

मोहनने दोन्ही हात वर केले. चिडला की तो एकदम ऑफिसातल्यासारखा बोलायचा. “ओके. ओके. जे झालं ते झालं. आता परवाचं बघू या. त्या सगळ्या वस्तू परत लावा. चट्टे झाकले जातील. एजंट म्हणतच होता, जरा होमली लुक हवा. तो मोर मधोमध लाव, सुखदा. तिथे सगळ्यात मोठा खड्डा आहे.”

“मोर मोडलाय.”

“मग नवीन कर. दोन दिवस आहेत ना? तुला काय, पटकन जमतं.”

सुखदा त्याच्याकडे बघत राहिली. ज्या घरातून आपल्याला काढायचंय त्याची भिंत आपणच सजवून द्यायची, असं एखादा माणूस भाताच्या वाफेत बसून, चेहऱ्यावरची माशीही न हलू देता सांगू शकतो, हे तिला खरं वाटत नसावं. मग, सवयीने, मोहन आईकडे वळला.

“आई, तू सांग ना तिला.”

“तू सांग,” विभावरीबाई म्हणाल्या. “तुला देवाने तोंड दिलंय. आज सकाळपासून मी तुझं काम पुष्कळ केलं.”

“आई, चिडू नकोस...”

“मी चिडलेली नाही. मला एकच सांग. घर विकायचं ते माझ्या खोलीसाठी. बरोबर?”

“बरोबर.”

“दुसरं काही कारण नाही?”

मोहन घुटमळला. घरांचे भाव कसे चढलेत आणि हीच विकायची वेळ आहे, हे त्याने विभावरीबाईंना बुधवारच्या त्याच फोनवर दहा मिनिटं सांगितलं होतं. त्यांना वाटलं होतं, कुणाच्या तरी दुसऱ्याच घराबद्दल बोलतोय. पण आत्ताच त्याने सगळ्यांसमोर श्रावणबाळाची कावड खांद्यावर घेतली होती. ती लगेच खाली कशी ठेवणार? शुभंकर काडी थांबवून बघत होता. नीलिमाने भुवई उंचावली होती.

“दुसरं काय असणार?” मोहन म्हणाला.

“मग मला खोली नको. त्या एजंटला फोन लाव आणि सांग, आईला खोली नको.”

“असं कसं, आई?”

“असंच. आत्ता लाव. आमच्यासमोर.”

“आणि तू राहणार कुठे?” मोहनचा तोल आता खरंच सुटला. “आमच्याकडे वर जिने आहेत, तुझे गुडघे चढू देत नाहीत. इथे ओवीच्या खोलीत आणखी किती दिवस? की जाणार परत पुण्याला? एकटी?”

हा विचार विभावरीबाईंनी केलाच नव्हता. त्या बोलून गेल्या होत्या, जशा नेहमी जात. पुण्याचा फ्लॅट त्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहिला, संध्याकाळचा, चंद्रहासरावांच्या मोकळ्या खुर्चीसह. त्यांना भीती वाटली. चेहऱ्यावर ती दिसू नये म्हणून त्यांनी घाईने पाण्याचा पेला उचलला आणि पाणी ताटात सांडलं. नीलिमा आपल्या नखांकडे बघू लागली. शुभंकरने सुखदाकडे पाहिलं. घर मोहनचं असेल, पण इथे कोण राहणार हे कोण ठरवणार ते त्या क्षणी सगळ्यांना माहीत होतं.

सुखदाने घाई केली नाही. तिने ओवीला कोशिंबीर वाढली. शुभंकरला वाढली. विभावरीबाईंचं ओलं ताट उचलून आत नेलं, दुसरं कोरडं आणून त्यांच्यापुढे ठेवलं.

“राहतात तशा राहतील,” ती म्हणाली. मोहनला नाही, विभावरीबाईंना. “ओवीची हरकत नसेल तर.”

ओवीने खांदे उडवले. “स्वीट अ‍ॅज.” म्हणजे चालेल.

“पण एक आहे, आई. यापुढे या घरातल्या भिंतींना तुम्ही हात लावायचा नाही. मी काय लावते, कुठे लावते, कशाचं करते, त्याबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. माझ्या तोंडावर नाही, शुभंकरजवळ नाही आणि पुण्याला मधूमावशींना फोनवरही नाही. मला सगळं ऐकू येतं. भिंती पातळ आहेत.”

आईला अशी अट आजवर कोणी घातली नव्हती. वडिलांनी नाही, शाळेने नाही, दोन मुलांपैकी तर कोणीच नाही. विभावरीबाईंच्या जिभेवर उत्तर आलं होतं, तयार, धारदार, पुण्यातल्या दोन पिढ्यांना पुरून उरलेलं. मोहन फोन हातात घेऊन त्या उत्तराची वाट बघत होता, कारण ते आलं की आईला इथे जागा उरणार नव्हती आणि खोलीचं, म्हणजेच घर विकायचं कारण शाबूत राहणार होतं. त्याच्याकडे एकदा बघून त्यांनी ते गिळलं. गिळताना ते चांगलंच टोचलं.

“बरं,” त्या म्हणाल्या, आणि भातासाठी ताट पुढे केलं.